भिक्याच्या टोपलीतली बंडी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून कोणी म्हणायला नको, की बाईमाणूस, कुठल्याशा सावलीला भ्यायली असेल! माझे वडील ठाण्याला शाळामास्तर. आमच्या आळीतल्या पिंपळावर मुंजा आहे म्हणून शेजारची काकू आम्हां पोरींना धाक घालायची, तर मी भरदुपारी त्याच पिंपळाखाली बसून दडपे पोहे खाल्ले होते. मुंजा काही मागायला आला नाही. त्यामुळे तुमच्या मासिकात हे जे अनुभव छापून येतात – कोणाला हडळ दिसली, कोणाला विहिरीतून हाका आल्या – ते मी वाचते आणि हसते. परवा अशीच हसत होते, तर आमचे हे म्हणाले, "मग त्या बंडीचं काय ते लिही की. बघू किती हसतेस." माझं हसू तिथेच थांबलं.

आता लिहायला हरकत नाही. ज्यांची लाज झाकायची होती ते थोरले दीर, अण्णा, गेल्या वर्षी वारले.

आमचं घर कल्याणला, पारनाक्याजवळ. अण्णा मामलेदार कचेरीत कारकून, आमचे हे स्टेशनात तारमास्तर. घरात अण्णा, माझ्या जाऊबाई, हे आणि मी. चार माणसं. आणि मागच्या पडवीत भिक्या. तांबूस रंगाचा, एक कान चिरलेला गावठी कुत्रा. पिल्लू असताना भीक मागत दारात आला म्हणून भिक्या. आणला कोणी नाही, पण झाला जाऊबाईंचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. आपल्या ताटातली भाकरी दुधात कुस्करून त्याला घातल्याशिवाय त्या स्वतः घास घेत नसत.

अण्णा जाऊबाईंना मारत. गुळमुळीत लिहिण्यात अर्थ नाही. कधी आमटीत मीठ कमी म्हणून, कधी कचेरीत साहेब बोलला म्हणून. रूळ, काठी, पितळी तांब्या, हाताला लागेल ते. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माजघरातून तो आवाज ऐकला आणि मी ह्यांना म्हटलं, "जा की, धरा त्यांचा हात." तर हे खाली मान घालून बसले. मोठ्या भावापुढे आमचे हे म्हणजे मांजर. बाप गेल्यावर अण्णांनीच शिकवलेलं, मग काय बोलणार? आळीतही सगळ्यांना ठाऊक होतं, पण नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडतो? जाऊबाईंचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मध्ये पडला तो भिक्या. अंगाने भरला तशी त्याला समज आली. अण्णांचा आवाज चढला, की हा पडवीतून उठून माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभा. भुंकणं नाही, काही नाही. नुसता गुरगुरायचा. आणि अण्णा, बायकोवर काठी चालवणारे शूर, ते कुत्र्याला भ्यायचे. त्या वर्षभरात जाऊबाईंच्या अंगावरचे वळ मावळले. कधी भिक्याने जास्तच दात काढले, तर जाऊबाई हळूच म्हणत, "भिक्या, सोड." की लगेच त्याचा उजवा, चिरलेला कान उभा राहायचा आणि तो खाली बसायचा.

हे अण्णांना किती दिवस सोसणार? एके दिवशी कचेरीतून आले ते धुमसतच. जाऊबाईंच्या झिंज्या धरल्या, भिक्या धावला, त्याने धोतराचा सोगा धरला. ह्या वेळी मात्र अण्णा तयारीने होते. दाराआड मुसळ आणून ठेवलेलं. ते त्याच्या तोंडावर घातलं. पडल्यावर पुन्हा घातलं, बरगड्यांवर, पाठीवर, हात दुखेपर्यंत. लाकूड हाडावर बसतं तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी आणि जाऊबाई किंचाळतोय आणि हे दारात उभे, पांढरेफटक. भिक्याचा जबडा एका बाजूला लोंबला, वरचा डावा सुळा मोडला, तोंडातून रक्ताचा फेस. अण्णांनी मुसळ टाकलं, पंच्याला हात पुसले आणि जाऊबाईंना म्हणाले, "आधी हा मरू दे. मग तुझ्याकडे बघतो."

पण तो मेला नाही. सरपटत माजघराच्या उंबऱ्यात गेला आणि तिथेच आडवा पडून राहिला. पाणी पिता येईना, श्वास घेताना छातीतून घरघर. तरी अण्णांचं पाऊल वाजलं, की त्या मोडक्या तोंडातून गुरगुर यायची. त्या रात्री अण्णा बाहेरच्या खोलीत निजले. वाट बघत होते ते.

दुसऱ्या दिवशी ह्यांना कुठून धीर आला कोण जाणे, हे ठाण्याला जाऊन आले. तिथे एका शेटजीने धर्मादाय म्हणून गुरा-घोड्यांचा दवाखाना काढला होता, नवा शिकून आलेला एक पारशी डॉक्टर होता. तो ह्यांना म्हणाला, कुत्रा तर कुत्रा, घेऊन ये. जबडा बसवावा लागेल, रात्रभर इथेच ठेवावा लागेल. पोटात अन्न नको. बैलगाडीने आणू नको, धक्के बसतील. आणि कुत्र्याचा ज्याच्यावर जीव आहे त्या माणसाचं अंगावरचं न धुतलेलं कापड सोबत दे; परक्या जागी त्या वासाने तो शांत पडून राहील.

आगगाडीत जखमी कुत्रा कोण घेऊ देणार? म्हणजे होडी. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले एक नाखवा, होडीवाले, कल्याण बंदराला येत-जात, ते ओहोटीबरोबर उतरणार होते. पण खरा प्रश्न होडीचा नव्हता. भिक्याला एक रात्र बाहेर ठेवायचं, म्हणजे त्या रात्री माजघराच्या उंबऱ्यात कोणी नाही. ह्यांची स्टेशनात रात्रीची ड्युटी. मी ठाण्याला माहेरी राहणार, कारण दवाखान्यात कोणीतरी हवं. घरात राहणार अण्णा आणि जाऊबाई.

"तुम्हीही चला," मी म्हटलं.

"कशी येऊ? न विचारता उंबरठा ओलांडला, तर परत घरात घेतील का?" जाऊबाई म्हणाल्या. "तू ने त्याला, मथू. माझ्यापायी मेला तर मी जगून काय करू?"

"आणि तुमचं?"

"माझं काय... इतकी वर्षं झालंच की."

मी त्यांच्यावर चिडले. अशा वेळी ही गाईसारखी मान हलवणारी बाई बघून मला संताप येई. पण दुसरा इलाज नव्हता.

निघायच्या दिवशी अण्णा जेवून कचेरीत गेले आणि आमची धांदल उडाली. ह्यांनी वेताची मोठी टोपली आणली, तळाला पेंढा पसरला, वर घोंगडी. भिक्याला उचलून आत ठेवताना हे पोरासारखे रडले. जाऊबाईंनी त्याची पाणी प्यायची करवंटी दिली. मग वाटीत बोट बुडवून दह्याचा ठिपका त्याच्या जिभेला लावू लागल्या. मी म्हटलं, "अहो, पोटात काही नको म्हणालाय डॉक्टर." त्या ऐकेनात. घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही घालायचं, म्हणजे तो परत येतो. ह्याला हात नाही तर जिभेवर. बोटाचं टोक टेकवलं इतकंच, तरी त्यांच्या जिवाला बरं वाटलं.

राहिलं ते कापड. इथे आमच्या घरची रीत सांगायला हवी. स्वयंपाक सोवळ्यात. वाढणं-आवरणं संपेपर्यंत आम्ही दोघी सोवळ्यात, मळक्या कपड्याला शिवायचं नाही. शिवलं तर पुन्हा डोक्यावरून पाणी. रात्रीचे उतरवलेले सगळ्यांचे कपडे न्हाणीच्या कोपऱ्यात पडलेले असत, आणि सोवळ्यात असताना ते हलवायची वेळ आलीच, तर काठीने उचलायचे. ह्यांनी घाई लावली, "ओहोटी लागली, नाखवा थांबायचा नाही." जाऊबाईंचं सोवळं दह्यापायी मोडलंच होतं, पण त्या भिक्यापासून उठेनात; म्हणाल्या, "माझं जुनं लुगड्याचं धडुतं आहे बघ, निळं. रात्री पांघरलेलं." न्हाणीत अंधार. मला निळं दिसलं, बोचकं झालेलं. मी त्यात काठी खुपसली, उचललं आणि तसंच नेऊन टोपलीत भिक्याच्या डोक्याशी टाकलं. उलगडून बघायचं म्हणजे हात लावायला हवा. मग मी लुगडं बदललं आणि आम्ही निघालो.

जाऊबाई दारापर्यंत आल्या. भिक्याने डोळा उघडून त्यांच्याकडे बघितलं.

खाडीतला प्रवास शांत झाला. नाखवा टोपलीत डोकावून म्हणाले, "कोनी मारला गो बाय, येवरा?" मी म्हटलं, "घरच्याच माणसाने." ते म्हणाले, "तवाच. परका मानूस येवरा नाय मारीत." मग मुंब्र्याचा डोंगरही मागे पडला.

दवाखाना म्हणजे जुना तबेलाच, लाकडी गजांचे गाळे केलेले. डॉक्टर अगदी तरणा, त्याच्या मिशा अजून नीट फुटल्या नव्हत्या. भिक्याचं तोंड उघडून बघितलं आणि म्हणाला, "कोणता जंगली माणूस हाय हा? त्यालाच आणाचा होता माझ्याकडे." क्लोरोफॉर्म देऊन त्याने जबडा बसवला, मोडलेल्या सुळ्याचं मूळ काढलं, टाके घातले. मग तोंडाभोवती, कानांमागून घट्ट पट्टा आवळला. जेमतेम श्वास घेता येईल इतकंच. पाय हलवून टाके तुटू नयेत म्हणून चारी पाय मऊ फडक्याने बांधले. टोपलीतलं बोचकं भिक्याच्या डोक्याशी ठेवलं. गाळ्याला बाहेरून कडी. हे दुपारच्या गाडीने कल्याणला ड्युटीवर गेले. माझ्या सोबतीला वडील आले, अप्पा. आम्ही गाळ्यासमोर बाकावर बसलो.

"मथे, कुत्र्यासाठी एवढं? तुझी आई आजारी पडली तेव्हा तू दोनदाच आलीस," अप्पा म्हणाले.

"आईला कोणी मुसळाने मारलं नव्हतं, अप्पा."

दिवेलागण झाली. डॉक्टरने गाळ्याच्या खांबाला कंदील टांगला आणि भिक्याची नाडी बघायला आत शिरला. म्हणाला, "झोपला हाय. सकाळशिवाय उठत नाय." त्याच उजेडात मला दिसलं, की धडुत्याच्या घडीतून पांढरं काहीतरी डोकावतंय. मी आत जाऊन उलगडलं, तशी ती वस्तू घरंगळून हातभर लांब पडली. अण्णांची पुऱ्या बाह्यांची बंडी. घामेजलेली, मारलं तेव्हापासून अंगात असलेली, बाहीवर भिक्याच्या रक्ताचे शिंतोडे. न्हाणीत धडुत्यात गुंडाळली गेलेली, तीच मी आणली होती. ज्याने त्याचं तोंड फोडलं, त्याचाच वास मी त्याच्या नाकाशी दिला होता... मी ती बंडी उचलायला हात पुढे केला आणि भिक्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

डोळे उघडले, पण ते आम्हांला बघत नव्हते. पट्ट्यामागून गुरगुर सुरू झाली, खोल पोटातून. डॉक्टर म्हणाला, "बाई, हात काढ." मी मागे सरले. आणि बंडीची उजवी बाही फाटली.

आता नीट वाचा. भिक्याचं तोंड पट्ट्यात. पाय बांधलेले. बंडी त्याच्यापासून हातभर लांब, पेंढ्यावर. आम्ही तिघे बघतोय आणि बाही मनगटापासून कोपरापर्यंत टर्रकन फाटली. मग खांद्याशी. बंडी पेंढ्यावर इकडून तिकडे फरफटली, कोणी धरून हिसडावं तशी; पुन्हा तीच बाही, चिंध्या चिंध्या होईपर्यंत. भिक्या जागचा हलत नव्हता, फक्त त्याची मान आतल्या आत ताठ होऊन झटके देत होती. तोंडावरचा पांढरा पट्टा आतून लाल व्हायला लागला. अप्पांनी माझा दंड इतका घट्ट धरला, की नंतर तिथे बोटं उमटली. मग बंडीचा गळा, जिथे बंद असतो तिथे, हळूहळू आवळल्यासारखा गोळा व्हायला लागला.

आणि एकाएकी भिक्याचा उजवा कान उभा राहिला. चिरलेला. तो कान मी ओळखते. त्याने मोठा श्वास सोडला, अंग सैल झालं, डोकं जाऊबाईंच्या धडुत्यावर टेकलं. निळ्या धडुत्याचा एक धागा उसवलेला नव्हता.

डॉक्टरने पट्टा सोडला. टाके फुटले असतील, असं तो म्हणत होता. टाके जसेच्या तसे होते. तोंडभर रक्त होतं, ताजं. कंदील जवळ धरून त्याने पुन्हा पुन्हा बघितलं आणि म्हणाला, "हे याचं नाय." मग बाहेर जाऊन तो विहिरीपाशी कितीतरी वेळ हात धूत राहिला.

पहिल्या गाडीने हे आले. कपडे रक्ताने माखलेले. मी म्हटलं, "जाऊबाई?"

"त्या बऱ्या आहेत," हे म्हणाले. "अण्णा..." आणि बाकावर बसून सांगू लागले.

जाऊबाईंनी ह्यांना सांगितलं, पुढे मलाही सांगितलं, आणि दोन्ही वेळा तेच सांगितलं. दिवेलागणीला अण्णा आले. उंबऱ्यात कुत्रा नाही. हसले. माजघराचं दार लावून आतून अडसर घातला आणि मुसळ घेतलं. जाऊबाई देवाजवळ वात लावत होत्या, तिथेच भिंतीला टेकल्या. अण्णांनी मुसळ वर उचललं, आणि ते वरच राहिलं. मग किंचाळले. उजवा हात कोणी ओढावा तसा खाली आला, मुसळ सुटलं, अण्णा तोंडावर आपटले. बाहीतून आतून रक्त झिरपायला लागलं. जमिनीवर ते इकडून तिकडे फरफटत गेले, पाय झाडत, कोणीतरी आहे कोणीतरी आहे म्हणत. समईच्या उजेडात खोलीत ह्या दोघांशिवाय कोणी नव्हतं. मग हात गळ्याशी नेऊन अण्णा घुसमटायला लागले, डोळे बाहेर आले. तेव्हा जाऊबाई सवयीने म्हणाल्या, "भिक्या, सोड."

सोडलं.

आळीतल्या लोकांनी दार फोडून अण्णांना बाहेर काढलं, ह्यांना स्टेशनातून बोलावून आणलं. सरकारी दवाखान्यात त्यांच्या अंगातली बंडी कात्रीने कापावी लागली, कारण ती शाबूत होती. बाहीला एक भोक नव्हतं. आतला हात मात्र हाडापर्यंत फाटलेला, आणि गळ्यावर दात. तिथल्या डॉक्टरने ह्यांना विचारलं, "जनावराचा वरचा डावा सुळा तुटका होता का?" ह्यांनी कानांवर हात ठेवले. शुद्धीवर आल्यावर अण्णांनी सांगितलं, रस्त्यात तरसाने धरलं. आतून अडसर घातलेल्या माजघरात तरस! पण आळीने ते मान्य केलं. आळीला नेहमी सोयीचंच मान्य असतं.

आता मी माझ्या परीने अर्थ लावून बघितला, नाही असं नाही. अप्पा म्हणाले, बंडी जुनी होती, विरली होती, फाटली. मी म्हटलं, "अप्पा, तुम्ही बघत होतात ना?" त्यांनी तो विषय मरेपर्यंत पुन्हा काढला नाही. एक शिकलेले गृहस्थ म्हणाले, अण्णांना झटका आला असेल, स्वतःच स्वतःला ओरबाडलं असेल. बंडी न फाडता? स्वतःचा गळा स्वतःच्या दातांनी? मंत्र नाही, तंत्र नाही, कोणी काही केलेलं नाही. आम्ही एका कुत्र्याला रात्रभर दवाखान्यात ठेवायला नेलं, इतकंच.

भिक्या बरा होऊन आला. दह्याचं म्हणाल, तर जाऊबाई अजून मला त्यावरून टोमणे मारतात. अण्णांचा उजवा हात कायमचा लुळा पडला, डाव्याने लिहायला शिकले. ठाण्याच्या बंडीची हकीकत मी घरी सांगितली ती त्यांच्याही कानावर गेली, आणि त्या दिवसापासून आपले कपडे त्यांनी कोणाच्या हाती दिले नाहीत. विहिरीवर बसून एका हाताने स्वतः धुवायचे, स्वतःच्या खोलीत वाळवायचे आणि खोलीला कुलूप. लोक म्हणत, काय शुचिर्भूत माणूस आहे.

पुढे भिक्या म्हातारा होऊन मेला. परसात पुरला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काही खोटं नाही. त्याच दिवशी जेवताना अण्णांनी ताट भिरकावलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. भाजी जाऊबाईंच्या पदरावर उडाली. अण्णा डावा हात उगारून उभे राहिले, आणि मी तव्यावरचा उलथना उचलला.

जाऊबाई मात्र शांतपणे उठल्या. आपली पेटी उघडली. तळातून एक बंडी काढली. अण्णांचीच, दुसरी, न धुतलेली, घामाने पिवळी पडलेली. अण्णांनी कुलूप लावायला सुरुवात करण्याआधीच, पहिल्याच दिवशी, ती त्यांनी बाजूला काढून ठेवली होती. कोणाला बोलल्या नव्हत्या, मलाही नाही. ती त्यांनी उंबऱ्यात, भिक्या पडून राहायचा तिथे अंथरली, हाताने सुरकुत्या नीट केल्या आणि आपल्या पाटावर येऊन बसल्या.

अण्णांनी हात खाली घेतला. खाली बसून सांडलेली भाजी डाव्या हाताने गोळा करायला लागले.

ती बंडी अजून जाऊबाईंच्या पेटीत आहे. अण्णा गेले, आता काय करायची, असं मी परवा विचारलं. तर म्हणाल्या, "असू दे गं. आळीत मार खाणाऱ्या सुना काय कमी आहेत?"